गफूर मास्तरांचे दोन दात

तळेगाव दाभाड्यात कुणाच्या घरी काही वाईट घडलं, की दोन माणसं धावत यायची. एक वैद्य आणि दुसरे गफूर मास्तर. वैद्य बोलावल्यावर यायचे, मास्तर न बोलावता.

हे मास्तर शाळेतले नव्हेत, बँडमधले. सहा माणसांचा त्यांचा बँड होता. लाल कोट, पितळेची बटणं, ढोल, ताशा, झांज, बिगूल आणि दोन क्लारनेटं. मुख्य क्लारनेट मास्तरांचं. दुसरं त्यांच्या मेव्हण्याचं, अल्लाउद्दीनचं. पण ते वाजतंय की नुसतं तोंडात धरलंय, हे अल्लाउद्दीनलाही नीट ठाऊक नसे. वडगावापासून खंडाळ्यापर्यंत लग्नाची तिथी धरताना लोक आधी भटजींना विचारत आणि मग मास्तरांना. मास्तर पंचेचाळिशीचे, उंच, मिशा कोरलेल्या, आणि दात असे पांढरेशुभ्र, की ते हसले तर समोरच्यानं आपलं तोंड मिटून घ्यावं.

तर या मास्तरांचा एक बाणा होता. माणसानं कशाचंही वाईट वाटून घेऊ नये. जे झालं ते बरंच झालं म्हणावं, की मन हलकं होतं. आणि हे ते नुसतं म्हणत नसत, घरोघरी जाऊन वाटत असत.

चैत्रातल्या वावटळीनं रखमाजीच्या घराची निम्मी कौलं उडाली. मास्तर अंगणात उभे राहिले, वर बघितलं आणि म्हणाले, "बरंच झालं, रखमाजी. जुनी कौलं काढायची म्हणजे मजूर लावावे लागतात. तुझी फुकटात निघाली."

शेजारच्या झुंबरबाईंचा तांब्याचा हंडा दोर तुटून विहिरीत गेला. मास्तर म्हणाले, "बरंच झालं, वहिनी. तांब्याचं पाणी प्रकृतीला चांगलं. आता सगळी विहीरच तांब्याची झाली."

गावाबाहेरच्या दत्तोबाचा बैल साप चावून मेला. ऐन पेरणीच्या तोंडावर. दत्तोबा गोठ्याच्या दारात डोकं धरून बसलेला. मास्तर त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बरंच झालं म्हणायचं. झटक्यात गेला, हाल झाले नाहीत. आणि एका बैलाची वैरणही वाचली." दत्तोबानं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं, आणि पुन्हा खाली घातली. मास्तरांना वाटलं, पटलं त्याला.

घरी त्यांची बायको बदरुन्निसा हे वीस वर्षं ऐकत होती. दूध उतू गेलं की, बरंच झालं, चुलीनंही कधी चव बघावी. लुगडं फाटलं की, बरंच झालं, वारा लागेल. सुरुवातीला ती भांडायची. मग तिनं भांडणं सोडलं आणि दूध उतू गेलेलं त्यांना कळू न देणं सुरू केलं.

मास्तर ढोंगी होते असं मात्र कुणी म्हणू नये. त्यांचा त्यावर खरोखर विश्वास होता. एवढंच की गेल्या वीस वर्षांत त्यांच्या स्वतःच्या वाट्याला वाईट म्हणावं असं काहीच आलं नव्हतं. औषध त्यांचंच होतं, पण घ्यायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

ती पस्तीस सालच्या वैशाखात आली.

तळेगावातल्याच एका लग्नात दुपारी नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीच्या दर्शनाला नेत होते. घोडा लोणावळ्याहून आणलेला. बंगल्यांवर येणाऱ्या पाहुण्यांच्या मुलांना पाठीवर घेऊन फिरणारा, म्हणजे स्वभावानं एखाद्या म्हाताऱ्या कारकुनासारखा. मास्तर नेहमीप्रमाणे उलटे चालत होते. तोंड नवरदेवाकडे, पाठ रस्त्याकडे. यात दोन फायदे असत. नवरदेवावर छाप पडे, आणि मागून येणाऱ्या बायकांना मास्तर समोरून दिसत.

मारुतीच्या देवळापाशी आल्यावर मास्तरांनी वरचा सूर लावला. तो त्यांचा प्रसिद्ध सूर होता. तो लागला की लोक बोलायचे थांबत. त्या दिवशी त्यांनी तो घोड्याच्या नाकासमोर वीतभर अंतरावर लावला. घोड्यानं दोन क्षण सहन केलं. मग तो शिंकला.

घोडा शिंकतो तेव्हा त्याचं डोकं आधी वर जातं आणि मग खाली येतं. खाली आलं ते क्लारनेटच्या तोंडावर. क्लारनेटचं दुसरं टोक मास्तरांच्या तोंडात होतं.

सूर तुटला. बिगूलवाला अजून वाजवत होता, त्याला कुणीतरी गप्प केलं. मास्तर रस्त्यात बसले होते आणि हातातल्या रुमालाकडे बघत होते. वरचे समोरचे दोन दात गेले होते. एक रुमालात सापडला. दुसरा सापडलाच नाही. ढोलवाला सोपान गुडघ्यांवर रांगत अख्खा रस्ता शोधून आला आणि हळूच म्हणाला, "मास्तर, गिळला तर न्हाई ना?"

"थोपान," मास्तर म्हणाले, आणि तेव्हा त्यांना दुसरी गोष्ट कळली. सोपानचा थोपान झाला होता.

घरी आल्यावर मास्तर भिंतीकडे तोंड करून झोपले. क्लारनेट तोंडात धरायचं तर खालच्या ओठावर त्याची बोरूची पट्टी येते आणि वरून दात टेकतात. दात नाहीत तर टेकू नाही, टेकू नाही तर सूर नाही. हे कुणी सांगायची गरज नव्हती. संध्याकाळी त्यांनी एकदा गुपचूप फुंकून बघितलं. नुसती हवा निघाली. आतून बदरुन्निसानं विचारलं, "मांजर आलंय का वो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रखमाजी आला. पायरीवर बसला, पान लावलं, मास्तरांकडे बराच वेळ मायेनं बघितलं.

"बरंच झालं, मास्तर," तो म्हणाला.

मास्तरांनी रुमाल तोंडावर धरला.

"म्हणजे बघा," रखमाजी सावकाश म्हणाला, "दात म्हटले की आज ना उद्या पडायचेच. पुढं म्हातारपणी दुखून दुखून पडतात. तुमचे फुकटात निघाले." आणि पान चघळत तो निघून गेला. त्याच्या चालण्यात कौलं उडाल्यापासून जो जडपणा आला होता, तो त्या सकाळी बराच कमी झालेला दिसला.

मग झुंबरबाई आल्या. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. मास्तरांचं बोलणं त्यांनी मनापासून मानलं होतं आणि हंड्याचं दुःख त्या त्याच आधारावर विसरल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, बरंच झालं बघा. खिडकी झाली. आता तोंड न उघडता पाणी पिता येईल." मास्तर डोळे मिटून पडून राहिले. बाई वाईट वाटून घेऊ नका म्हणत लोणच्याची बरणी ठेवून गेल्या. लोणचं कैरीचं होतं, करकरीत फोडींचं.

तीन दिवसांत अर्धं गाव येऊन गेलं. जो तो येई आणि तीच दोन शब्दांची पुडी देई. कुणी उट्टं काढायला, कुणी खरोखर धीर द्यायला. कोण कशासाठी आलाय हे ओळखता येत नव्हतं, आणि ओळखून उपयोगही नव्हता, कारण दोन्ही सारखंच लागत होतं. चौथ्या दिवशी मास्तरांनी दाराला आतून कडी घातली.

"त्या लोकांना काही काळीज आहे की नाही?" ते बायकोला म्हणाले. म्हणजे म्हणाले ते असं नाही. 'थ' आणि 'फ' यांच्या मधलंच काहीतरी बाहेर आलं. पण बदरुन्निसाला समजलं.

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांचं काय चुकलं? तुमचीच शिकवण."

"मी असं म्हणायचो?"

"असंच. वीस वर्षं."

"मग तू कधी बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुमी म्हणाला होता, बरंच झालं, मन मोकळं झालं."

मास्तर पुन्हा भिंतीकडे वळले.

पाचव्या दिवशी दुपारी दत्तोबा आला. कडी वाजवली, कुणी उघडेना, तेव्हा मागच्या परसदारानं आत आला. खांद्यावर पिशवी होती. ती त्यानं बदरुन्निसापाशी दिली. "जुना आंबेमोहोर हाय, वहिनी. मऊ पेज करा. त्येस्नी चावाय न्हाई लागायचं." आणि मास्तरांच्या पायाशी जमिनीवर बसला.

मास्तर वाट बघत होते. दत्तोबा आता म्हणेल, मग म्हणेल. दत्तोबा काहीच म्हणेना. घरात पेजेचा वास पसरला तरी तो बसूनच होता. शेवटी मास्तरांना राहवलं नाही.

"म्हण की," ते म्हणाले. "बरंच झालं म्हण आणि जा."

"कशाला म्हनू?" दत्तोबा म्हणाला. "वाईट झालं. लय वाईट झालं."

मास्तर उठून बसले. पाच दिवसांत हे पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि एकदा आलं ते थांबेना. लाल कोटात मिरवणारा, कोरलेल्या मिशांचा माणूस बायकोच्या आणि एका शेतकऱ्याच्या देखत हुंदके देऊन रडला. दत्तोबा खाली बघत बसला. बदरुन्निसा चुलीपाशी गेली आणि तिथं उगीचच फुंकर घालत राहिली.

जरा थांबल्यावर मास्तरांनी विचारलं, "तुझा बैल गेला तेव्हा मी तुला काय म्हणालो होतो, आठवतं?"

"आठवतंय की. तवा तुमच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं हुतं."

"मग?"

"मंग काय. तुमी गेलासा. म्या बसलो आन् पोटभर रडलो. रडून झाल्यावर म्हनलं, आता काय करायचं? बैल तर येत न्हाई. उठलो. शेजारच्याकडं बी येकच बैल हुता. त्याचा येक, माजा येक, सावड केली. पेरनी चार दिस मागं पडली, पन झाली." त्यानं डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "आता तुमी पेज खावा. आन् ध्यानात ऱ्हाऊ द्या, ज्येष्ठात माज्या भाचीचं लगीन हाय टाकव्याला. तुमचा बँड सांगून ठेवलाय म्या. दुसरा कुटला आननार न्हाई."

दत्तोबा गेल्यावर मास्तरांनी पेज खाल्ली. दोन वाट्या खाल्ल्या. मग म्हणाले, "आता काय करायचं?" नवरा आपल्याला काही विचारतोय याचीच बदरुन्निसाला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर सकाळी तळ्याच्या काठी जाऊन बसू लागले. दात नसले तरी ओठ होते. दोन्ही ओठ आत वळवून क्लारनेट त्यांच्यात धरायचं आणि फुंकायचं, असा त्यांनी प्रयत्न चालवला. पहिल्या दिवशी पाण्यात बसलेल्या म्हशी उठून पलीकडच्या काठाला गेल्या. तिसऱ्या दिवशी धुणं धुणाऱ्या एका बाईनं विचारलं की कुणाचं वासरू चुकलंय का. आठव्या दिवशी एक सूर नीट लागला. खालचा, जाडसर, घोगरा. दहा-बारा दिवसांत पाच सूर झाले. त्याच्या वर काही जाईना. वर गेलं की फुस्स. पाच सुरांवर लग्न लागत नाही, हे मास्तरांना माहीत होतं.

त्यातच त्यांना लोणावळ्याच्या डॉक्टरांचं कळलं. मुंबईचे एक दातांचे डॉक्टर उन्हाळ्यात तिथं बंगल्यावर येऊन राहत आणि सकाळचे दोन तास लोकांचे दात बघत. मास्तर गाडीत बसून गेले. डॉक्टरांनी तोंडाचं माप घेतलं आणि दोन आठवड्यांनी तांबड्या रबराच्या पट्टीवर बसवलेले दोन दात हातावर ठेवले. मास्तरांच्या उरलेल्या दातांपेक्षाही ते पांढरे होते.

"हे खाण्याबोलण्यासाठी आहेत," डॉक्टर म्हणाले. "फुंकण्यासाठी नाहीत. ते वाद्य याच्यावर टेकवाल तर पट्टी हलेल."

मास्तरांनी मान डोलावली. गाडीत बसल्याबरोबर त्यांनी समोरच्या माणसाला कारण नसताना विचारलं, "सोपान, सासवड, सुपारी, बरोबर ऐकू येतंय ना?" तो माणूस वडगावला उतरायचं सोडून मळवलीलाच उतरला.

घरी त्यांनी दात लावून दोन गाणी वाजवली. पट्टी हलली नाही. झालं, डॉक्टरांचं बोलणं ते विसरले. तळ्यावर जाणंही सोडलं. उरलेले दिवस आरशासमोर मिशा कोरण्यात गेले.

टाकवे बुद्रुकच्या लग्नाला दत्तोबानं बैलगाडी पाठवली. इंद्रायणीला गुडघ्याएवढं पाणी होतं, गाडी सहज पार झाली. नवरीचा बाप गेणू, म्हणजे दत्तोबाचा मेव्हणा, स्वतः वेशीपर्यंत आला. मांडव मोठा होता, माणूस तीनशेच्या वर. मास्तरांचा अपघात सगळ्या मावळाला माहीत होता, त्यामुळे नवऱ्यामुलापेक्षा त्यांच्याच तोंडाकडे लोकांचं जास्त लक्ष होतं. मास्तर मुद्दाम हसले. दोन दात उन्हात चमकले. "आरं, पुन्यांदा उगावलं की," कुणीतरी म्हणालं.

वऱ्हाड वेशीत आलं. सोपाननं ढोलावर टिपरी मारली आणि मास्तरांनी जोरातलं गाणं धरलं. एक कडवं झालं, दुसरं झालं. पोरं नाचायला लागली. मास्तरांना वाटलं, जमलं. त्या भरात त्यांनी तो वरचा, प्रसिद्ध सूर लावला, ताणला, लोक गप्प झाले, आणि गाणं संपल्यावर जुन्या सवयीनं त्यांनी क्लारनेट तोंडातून काढून झोकात आभाळाकडे उंच केलं.

कुणी टाळी वाजवली नाही. तीनशे माणसं वर बघत होती. मास्तरांनीही वर बघितलं.

दात क्लारनेटला लागले होते. तांबड्या पट्टीसकट, घट्ट. मास्तरांचं क्लारनेट सगळ्या टाकव्यापुढं दात काढून हसत होतं.

मग जो हशा उठला, तो ऐकून गावातली कुत्री भुंकायला लागली. बायका पदरात तोंड घालून बसल्या. नवरामुलगा मुंडावळ्या सावरत वाकून वाकून हसत होता. एक म्हातारा म्हणाला, "हत्तीचं दाखवायचं दात निराळं असत्यात, मास्तरांचं वाजवायचं निराळं," आणि पुन्हा सगळे हसले.

मास्तरांचा हात तसाच वर राहिला होता. 'बरंच झालं' असं म्हणून बघावं असं त्यांच्या मनात आलं, पण ते जिभेवर येईना. बरं काही झालंच नव्हतं. वाईट झालं होतं, लय वाईट. डाव्या हाताला गोठा होता. गोठ्यामागून पायवाट नदीला जात होती. नदी ओलांडून तास-दीड तास चाललं की वडगावचं स्टेशन. आज गेलं तर कुणी अडवणार नव्हतं. आणि मग पुन्हा ती भिंत, तो रुमाल. भिंत त्यांना आता पाठ झाली होती. तिच्यावर सतरा पोपडे होते.

त्यांनी पायवाटेकडे बघितलं. मग पुन्हा क्लारनेटकडे. हे दुसऱ्या कुणाचं झालं असतं, बिगूलवाल्याचं किंवा अल्लाउद्दीनचं, तर आपण आठ दिवस हसलो असतो, असं त्यांना वाटलं. आठ कसले, महिनाभर. आणि मास्तर हसले. दातांतली खिडकी उघडी टाकून, मोठ्यानं, खांदे हलवत हसले.

मांडवाच्या तोंडाशी नवरीची आजी धोंडाबाई पाटावर बसली होती. मास्तर तिच्यापुढं गेले आणि क्लारनेट दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरलं.

"आजी," ते म्हणाले, "माझे दात गेले ते याला फुटले. लेकरू मोठं झालं. आता याला भाकरी घाला."

धोंडाबाईच्या तोंडात एकही दात नव्हता. तिनं वाकून नीट निरखलं आणि म्हणाली, "बाबा, त्याला नको असलं तर मला दे."

पुन्हा हशा झाला, पण हा वेगळा होता. या हशात मास्तर मधोमध उभे होते आणि त्यांना तिथून कुठं जावंसं वाटत नव्हतं. त्यांनी पट्टी काढली, पुसली, कोटाच्या खिशात टाकली आणि मेव्हण्याकडे वळले.

"अल्लाउद्दीन, पुढं हो. आजचा मास्तर तू."

अल्लाउद्दीनचा चेहरा बकरी ईदच्या आदल्या दिवशीच्या बोकडासारखा झाला. "दाजी, मला तीनच गाणी येतात."

"तीन फिरवून फिरवून वाजव. मी झांज धरतो."

दुपारभर अल्लाउद्दीननं तीन गाणी वाजवली. वऱ्हाड जानवसघरातून मांडवात येताना तीच, अक्षता पडल्यावर तीच, पंगतीलाही तीच. दुसऱ्या गाण्यात एका जागी तो दर वेळी चुकायचा, आणि चौथ्या खेपेपासून पोरं ती चूक आली की एकदम उड्या मारायला लागली. झांज वाजवताना तोंड मोकळं राहतं, हे मास्तरांना पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. ते ओळखीच्यांशी बोलले, पंगतीतल्या बुंदीकडे लक्ष ठेवलं, एका पोराला झांज धरायला शिकवली. मधूनमधून क्लारनेटकडे नजर जायची. ती गेली की ते झांज जरा जोरात वाजवायचे.

दिवस कलला आणि नवरीची पाठवणी निघाली. अल्लाउद्दीननं सवयीनं नाचाचं गाणं धरलं. नवरीच्या आईनं, म्हणजे दत्तोबाच्या बहिणीनं, त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं की गाणं अर्ध्यातच विझलं. बैल जुंपलेली गाडी तयार. अशी मुकी पाठवणी बरी दिसत नाही.

धोंडाबाई म्हणाली, "मास्तर, पोर वाटंला लागतीया. कायतरी वाजीव, बाबा."

"आजी, माझ्याकडं पाचच सूर उरलेत."

"आमच्या टायमाला जात्यावर तितकंच लागत हुतं," म्हातारी म्हणाली.

मास्तरांना आई आठवली. ती पहाटे जात्यावर बसायची, शेजारणीबरोबर. दोघी एकाच चालीवर ओव्या म्हणायच्या. शेजारीण विठ्ठलाच्या, आई भावाच्या आणि माहेराच्या. ती चाल पाच सुरांतली होती, फार तर सहा. त्यांनी क्लारनेट घेतलं, तोंडाकडची बाजू पाण्यानं धुतली, ओठ आत वळवले आणि हळू फुंकलं.

घोगरा, दमलेला सूर निघाला. कुणी हसलं नाही. दुसरा सूर लागला, तिसरा लागला. जिथं चाल वर चढते तिथं मात्र ओठ सुटले आणि नुसती हवा गेली, फुस्स. मास्तरांच्या कानशिलांना घाम आला. पण ती मोकळी जागा धोंडाबाईनं भरली. तिला वाटलं, आपल्यासाठीच सोडलीय. तिनं नातीच्या नावानं ओवी टाकली, दुसऱ्या बाईनं पुढची उचलली, आणि मग जिथं जिथं मास्तरांचा सूर खाली पडायचा तिथं तिथं बायका तो झेलायच्या.

नवरी सकाळपासून एकदाही रडली नव्हती. नवरा तिच्या मनासारखा होता, आणि रडावं कशाला असं ती मैत्रिणींना म्हणाली होती. ती आता आजीच्या गळ्यात पडून रडली. तिची आई रडली, गेणू रडला, दत्तोबानं टोपी डोळ्यांवर ओढली. नवरामुलगा, ज्याला रडायचं काही कारण नव्हतं, तोही नाक पुसायला लागला, तेव्हा त्याच्या बापानं त्याला कोपरानं ढोसलं.

गाडी हलली. मास्तर वाजवत मागून चालले. वेशीपाशी थांबायचं असतं, पण नवरी मागं बघून म्हणाली, "अजून थोडं, मास्तर," म्हणून ते नदीपर्यंत गेले. बायका काठावर थांबल्या. मास्तरांना ते कळलं नाही. ते गाडीच्या मागोमाग पाण्यात शिरले आणि लाल कोटानिशी मध्यावर उभे राहून वाजवत राहिले. काठावरून अल्लाउद्दीन ओरडत होता, "दाजी, जोडे! दाजी, नवे जोडे!"

तिन्हीसांजेला मास्तर घरी पोचले. जोडे हातात, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. बदरुन्निसानं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पाट मांडला.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"वाईट झालं," मास्तर म्हणाले, आणि खिशातून तांबडी पट्टी काढून पाटाशेजारी ठेवली. "वरचा सूर गेला माझा. आता तो येणार नाही. तो नसला की खंडाळ्याच्या बंगलेवाल्यांची बोलावणी जाणार. आणखीही जातील. अल्लाउद्दीनला शिकवावं लागेल, आणि तो शिकेपर्यंत आपण दोघं म्हातारे होऊ." मग ते थांबले. "पण तू आधी ऐक, कसं झालं ते."

आणि त्यांनी सांगितलं. क्लारनेट कसं वर केलं, तीनशे तोंडं कशी उघडी राहिली, दात कसे चमकत होते. सांगताना घरातली फुंकणी हातात घेऊन त्यांनी ती तशीच आभाळाकडे उंच धरली. बदरुन्निसानं आधी पदर तोंडाला लावला, मग भिंतीला टेकली, मग खालीच बसली. वीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या बोलण्यावर ती इतकी कधी हसली नव्हती. डोळे पुसत ती म्हणाली, "म्हातारी काय म्हणाली म्हणालात? पुन्हा सांगा."

मास्तरांनी पुन्हा सांगितलं. आवाज ऐकून झुंबरबाई भिंतीपलीकडून आल्या, तेव्हा त्यांच्यासाठी तिसऱ्यांदा सांगावं लागलं. तिसऱ्या खेपेला तीनशे माणसांची हजार झाली, आणि धोंडाबाईनं दात घालूनही बघितले. बदरुन्निसाला ते नवं असल्याचं कळलं. तिनं मास्तरांच्या वाटीत आणखी थोडी पेज वाढली आणि ऐकायला बसली.